करकोच्याचा चावा

“हे काय गं ह्याच्या मानेला?” ट्रुडीनं विचारलं तेव्हा ग्लेनिस पाठमोरी उभी राहून चहात दूध ओतत होती. तिला वाटलं, टॉवेलचा धागाबिगा चिकटला असेल. “झटकून टाक की,” ती म्हणाली. “झटकून टाकू? अगं, रंगवलंयस तू ते!” ट्रुडी बाळाचं डोकं दोन्ही हातांत धरून खिडकीपाशी गेली होती. बाळ म्हणजे तूर्तास व्हिनाइलचं एक डोकं, दोन हात आणि दोन पाय. सगळे सुटे, निळ्या टॉवेलवर ओळीनं मांडलेले. धड अजून कापडाचंच होतं आणि रिकामं. ट्रुडी व्हिकर्स डेव्हनपोर्टहून अर्धा तास गाडी हाकत, लॅमिंग्टन केकचा डबा घेऊन, आपला मुलगा कुठवर आला ते बघायला आली होती. खरा मुलगा, लॅकलन, सत्तावीस वर्षांचा होता. पार पश्चिमेला खाणीत डंपर चालवायचा आणि आईला फोन करायचा नाताळात. ट्रुडीला तो तीन महिन्यांचा हवा होता. “तेव्हा तो माझं ऐकायचा,” असं पहिल्याच भेटीत तिनं सांगितलं होतं, आणि दोघी पोट धरून हसल्या होत्या. आता मात्र ती हसत नव्हती. ग्लेनिसनं चष्मा लावला. केसांच्या रेषेखाली, मानेच्या डाव्या अंगाला, अंगठ्याच्या नखाएवढा फिकट लाल डाग होता. त्याची एक बारीक शेपटी कानाकडे वर गेलेली. फार सुंदर जमला होता. ग्लेनिसच्या मनात पहिला विचार हाच आला आणि मग तिची तिलाच लाज वाटली. “ह्याला करकोच्याचा चावा म्हणतात,” ती म्हणाली. “करकोचा बाळाला चोचीत धरून आणतो ना, तिथली खूण. पुष्कळ बाळांना असते. खरी वाटावीत म्हणून आम्ही...” “करकोच्यानं चावू दे नाहीतर शेजाऱ्याच्या कुत्र्यानं,” ट्रुडी म्हणाली, “माझ्या लॅकीला नव्हता. त्याची मान मी रोज धुतलीय बाई. लोण्यासारखी साफ होती.” “काढते,” ग्लेनिस म्हणाली. “चुकून झालं.” ट्रुडीचा जीव भांड्यात पडला, तिनं दोन लॅमिंग्टन खाल्ले, मुलाच्या नाकाचं तोंडभर कौतुक केलं आणि गेली. ग्लेनिस कप विसळत उभी राहिली. चुकून झालं, हे खरंच होतं. पण कधी झालं, ते तिला काही केल्या आठवेना.

आता चुकांच्या बाबतीत ग्लेनिस हॅरपला कुणी शिकवावं असं काही उरलं नव्हतं. बर्नी गावातल्या त्या टेकाडावरच्या घरात साऱ्या टास्मानियातून डोकी यायची, पोस्टानं, खोक्यांत. बायका हौसेनं कोरी व्हिनाइलची बाळं मागवत, हौसेनं रंगवत, आणि बिघडली की रडत रडत ग्लेनिसला फोन करत. एकीनं भुवया अशा काढल्या होत्या की तीन दिवसांचं बाळ आयकर खात्यातलं वाटावं. एकीचं बाळ इतकं लाल झालं होतं की ग्लेनिसनं खोकं उघडल्या उघडल्या “अगं माझे राणी, कुणी शिजवलं तुला?” असं त्यालाच विचारलं होतं. लाल फार झालं तर हिरवा रंग पाण्यासारखा पातळ करून वरून फिरवायचा, तो लालीला गिळतो. निळ्या शिरा नकाशातल्या नद्यांसारख्या दिसायला लागल्या तर कातडीच्या रंगाचा हात स्पंजनं टिपत न्यायचा. हे सगळं ती बायकांना फोनवर समजावून सांगायची, दहा-दहादा, न कंटाळता. आणि प्रत्येकीला आधी एकच प्रश्न विचारायची: ओव्हनमध्ये घातलंस का? कारण रंगाचा एकेक थर दिला की डोकं आठ मिनिटं ओव्हनमध्ये जातं. त्याच्या आधी थिनरच्या बोळ्यानं सगळं पुसता येतं, काही झालंच नव्हतं असं. एकदा भाजलं की व्हिनाइलनं रंग धरला तो धरला. मग वरून झाका, नाहीतर अख्खं डोकं द्रावणात बुडवून दोन महिन्यांचं काम धुऊन टाका. ग्लेनिसनं भिंग घेतलं. डाग वरचा नव्हता. त्याच्यावर तीन थरांची चट्टेचट्टे असलेली कातडी चढली होती, म्हणून तर तो आतून आल्यासारखा दिसत होता. म्हणजे चौथा थर. तिनं वही काढली. वहीत प्रत्येक थर तारीखवार लिहायची तिची पद्धत होती. ‘थर चौथा. लाली. कान, हनुवटी, कोपर, टाचा. आठ मिनिटं.’ मान नाहीच. तारीख मंगळवारची होती. त्या मंगळवारी वारा होता, रेडिओवर कुणी तरी टोमॅटोच्या रोपांवर बोलत होतं, इतपत तिला आठवलं. हातानं मग परस्पर हे उद्योग केले होते. सदतीस माणसांची बाळं रंगवली तिनं आजवर, फोटोत नाही ते कधी रंगवलं नव्हतं. कुणाची तीट कुणाला लागली नव्हती. हा डाग कुणाचा, असं तिनं मनात म्हटलं मात्र, आणि वही मिटून टाकली.

तिला एकच मूल होतं. टॅमसिन. आणि टॅमसिनकडे तिनं बघितलंच नव्हतं, ही घरातली सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट होती. “तू त्या पोरीकडे बघितलंसुद्धा नाहीस, ग्लेनिस,” असं तिची सासू ऊना म्हणायची. रागानं नव्हे हं. ऊना वाईट बाई नव्हती, उलट देवमाणूस. चहा पुढे सरकवत, पाठीवर हात ठेवून म्हणायची. “तुझा काय दोष? आजारीच होतीस तू.” नातेवाइकांत बाळांचा विषय निघाला की म्हणायची, टॅमसिनच्या एकविसाव्या वाढदिवसाला भाषण करतानासुद्धा म्हणाली, आणि सगळे ग्लेनिसकडे मायेनं बघून हसले. त्र्याऐंशीच्या जुलैत पोर झाली. त्यानंतरचे सहा आठवडे ग्लेनिस घरी होती आणि त्या सहा आठवड्यांतलं तिच्यापाशी जे होतं ते सगळं मिळून एका मुठीत मावलं असतं. छतावरचा ओलीचा डाग. कागदाच्या गिरणीचा आंबूस वास, तो तर सगळ्या गावालाच यायचा. दोरीवर वाऱ्यानं फडफडणारे लंगोट, आणि ते काढून आणायला हवेत हे कळत असून खुर्चीतून उठता न येणं. रडणं ऐकू यायचं ते भिंतीपलीकडून आल्यासारखं, दुसऱ्याच कुणाच्या घरातलं. मग ऊना आली, तिनं एका नजरेत काय ते ओळखलं, आणि डेसनं बायकोला गाडीत घालून हॉस्पिटलमध्ये नेलं. अकरा आठवडे. तिथल्या गोळ्यांनी बरं केलं पण मागचं सगळं धुऊन नेलं. परत आली तेव्हा चार महिन्यांची गुबगुबीत पोर ऊनाकडे बघून खुदकन हसत होती आणि ग्लेनिसनं हात पुढे केले तर तिनं तोंड वेंगाडलं. तीन वर्षांची होईपर्यंत ती आजीलाच आई म्हणायची. ग्लेनिसनं कधी भांडण केलं नाही. कशाच्या जोरावर करणार? जे होतं ते ऊनाला माहीत होतं, ती शुद्धीत होती. ग्लेनिसकडे फक्त छत होतं.

आणि तरी, डेस गेल्यावर, साठीला टेकलेली ही बाई बाळं रंगवायला बसली. शेजारीपाजारी आधी हसले. “दुसरा नवरा कर त्यापेक्षा, निदान कचरा तरी बाहेर नेऊन ठेवील,” असं समोरची म्हणाली होती. ग्लेनिस म्हणायची, हात कामात असले की बरं असतं. त्याच्यापुढे तिनं स्वतःला कधी काही विचारलं नव्हतं, आणि विचारायचं नाही हे न ठरवताच ठरून गेलं होतं. लोकांच्या बाळांचे फोटो ती तासन् तास बघायची. पापणीवरची जांभळी छटा, वरच्या ओठावरचा दूध पिऊन पिऊन उठलेला फोड, नखाभोवतीची सोललेली कातडी. एवढं बारीक त्या बाळांच्या आयांनीही बघितलं नसेल. टॅमसिनचे त्या वयातले फोटो मात्र दोनच होते, दोन्ही ऊनानं काढलेले, दोन्हीत पोर टोपीत. टॅमसिनची मान तिनं त्यानंतर कधी बघितली होती? पोरीचे केस दाट, राठ, मान झाकून टाकणारे. वेण्या ऊना घालायची. त्यामुळे तो मंगळवारचा हात जर काही आठवून चालला असेल, तर ते त्या सहा आठवड्यांतलंच असायला हवं होतं. म्हणजे कुणीतरी तेव्हा त्या पोरीकडे बघत होतं, आणि ते कुणीतरी ग्लेनिस होती. हे मनात आल्यावर ती खुर्चीत बसली. नको गं बाई, ती स्वतःशीच म्हणाली, आता ह्या वयात असलं काही सुचू नये माणसाला. हजार बाळांच्या मानेवर असतो तो चावा. कुठल्या तरी फोटोत बघितला असशील, बसला असेल डोक्यात.

सोमवारी तिनं हिरवा रंग घोटला. थिनर घालून घालून इतका पातळ केला की बशीत नुसती सावली उरली. डोकं डाव्या तळहातावर पालथं घेतलं, मान अंगठ्याखाली आली, ब्रश उचलला, टेकवणार एवढ्यात खाली ठेवला. ब्रश धुऊन टाकला. मंगळवारी पुन्हा तेच. अहो, दोन मिनिटांचं काम! दुसऱ्या कुणाचं असतं तर एव्हाना होऊन ओव्हनमध्ये गेलं असतं आणि ग्लेनिस नखं कापत बसली असती. ट्रुडीचा मेसेज आला, ‘झाली का मान साफ माझ्या राजाची?’ ग्लेनिसनं ‘होतेय’ असं लिहिलं. खोटं बोलायची तिला सवय नव्हती, कान तापले. झाकलं की गेलं, हे तिला दिसत होतं. मग ताडून पाहायला काही उरणार नव्हतं. ऊना म्हणाली ते खरं की हातानं केलं ते खरं, हे मग आयुष्यभर तसंच राहिलं असतं, आणि आयुष्य काही फार लांब उरलं नव्हतं. पण ताडून पाहिलं आणि टॅमसिनची मान साफ निघाली, तर? आत्ता निदान ‘कदाचित’ तरी होतं हातात. ते घेऊन ती दोन दिवस घरात फिरत राहिली, टोस्ट जाळले, एक केटली कोरडी तापवली. बुधवारी सकाळी अकरा वाजता तिनं फोन लावला.

“कोण गेलं?” टॅमसिननं पहिल्यांदा हेच विचारलं. मायलेकींचा फोन रविवारी संध्याकाळी, सात-आठ मिनिटं: हवा, गुडघा, आणि टॅमसिन ह्यूअनव्हिलला शाळेची बस चालवायची त्या बसचा गिअर. बुधवारचा फोन म्हणजे मयतच असणार.

“कुणी नाही गेलं. तुला एक विचारायचं होतं. तुझ्या मानेवर मागे, केसांखाली, लाल डागबिग आहे का गं?”

“का? कॅन्सर आहे का? तुला निघालाय का कुठे? आई, खरं सांग.”

“नाही गं! जन्मापासूनचा डाग. करकोच्याचा.”

“माझी मान मला मागून कशी दिसणार? घुबड आहे का मी?”

“केस कापणारी कधी काही म्हणाली नाही?”

“माझे केस मीच कापते. स्वयंपाकघरातल्या कात्रीनं. तुला माहितीये ते.” ग्लेनिसला माहीत नव्हतं. “झालंय काय पण?”

ग्लेनिसनं सांगितलं. नीट सांगता येईना, मागचं पुढे झालं. ट्रुडी, लॅकलन, चौथा थर, वहीत न लिहिलेली मान. तिकडे बसचं इंजिन नुसतंच चालू असल्याचा आवाज येत होता, मग तोही बंद झाला.

“म्हणून म्हटलं, एक फोटो काढून पाठवतेस का. शेजारणीला सांग, केस वर धरून...”

“नाही.”

“एकच गं. उजेडात.”

“नाही पाठवणार.” टॅमसिनचा आवाज चढला नव्हता, पण जपून टाकलेल्या पावलासारखा येत होता. “तू सगळ्या जगाची पोरं फोटोवरून बघतेस. मला माहितीये आजी काय म्हणायची. सात वर्षांची होते मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा, टेबलाखाली बसले होते. मी तुला त्याबद्दल कधी बोलले का? नाही ना? मग आता फोटो नाही मिळायचा. बघायचं तर येऊन बघ.”

“चार तास लागतात गं टॅम.”

“हो, लागतात,” टॅमसिन म्हणाली. “शनिवारी मला सुट्टी आहे.”

शनिवारी ग्लेनिस निघाली. डोकं तिनं टॉवेलात गुंडाळून शेजारच्या सीटवर ठेवलं. वळणावर ते घरंगळायला लागलं म्हणून पट्टा लावला. कॅम्पबेल टाउनला पेट्रोल भरताना एक बाई गाडीच्या काचेशी वाकून म्हणाली, “अय्या, किती छान झोपलंय! केवढं आहे?” आणि ग्लेनिसच्या तोंडून निघून गेलं, “सहा आठवड्यांची.” बाई ‘जपून जा हं’ म्हणून गेली. ग्लेनिसला स्टिअरिंगवर हात ठेवून दोन मिनिटं बसून राहावं लागलं. तीन महिन्यांचा होता तो, आणि मुलगा होता. रस्ताभर ती स्वतःला तयार करत राहिली. डाग नसणारच. नसला तर हसायचं, म्हणायचं बघ बाई म्हातारी कशी वेडी झाली, चहा घ्यायचा आणि परत यायचं, घरी जाऊन हिरवा हात मारायचा. तिनं हसायची तालीमही केली, आरडाओरडा करणाऱ्या मेंढ्यांच्या ट्रकमागे वीस किलोमीटर. होबार्ट मागे पडलं आणि सफरचंदांच्या बागा सुरू झाल्या तेव्हा मात्र तिला इतकं वाईट वाटायला लागलं की परत फिरावं असं दोनदा मनात आलं. तिला तो डाग हवा होता. एखादी गोष्ट इतकी हवी असण्याची तिला सवयच राहिली नव्हती.

टॅमसिन अंगणात बसच्या काचा पुसत होती. एक्केचाळीस वर्षांची, रुंद खांद्यांची, डेससारखं नाक. तिनं मावशीला मारतात तशी मिठी मारली आणि सोडली. चहाचं विचारलं नाही. “आधी ते उरकू या,” ती म्हणाली, आणि मागच्या दाराच्या पायरीवर, उन्हाकडे पाठ करून बसली. ग्लेनिस गरम पाण्यानं हात धुऊन आली, गार बोटं लागू नयेत म्हणून, आणि वरच्या पायरीवर, तिच्या मागे बसली. लेकीचे दोन खांदे तिच्या दोन गुडघ्यांच्या मध्ये आले. टॅमसिननं रबर काढलं. केसांत कितीतरी पांढरे होते. हे कधी झालं? ग्लेनिसनं पिशवीतून कंगवा काढला, त्याच्या दांडीनं केसांची एक ओळ उचलली, वर पिन लावली, दुसरी उचलली, बाळांच्या डोक्यात एकेक केस सुईनं रोवताना करते तशी, डावीकडून. कानामागे एक तीळ होता. लहानपणी कधी लागल्याची एक पांढरी रेघ. खालची कातडी गोरी, उन्हं न बघितलेली, आणि साफ. ती पुन्हा वरून खाली आली. साफ.

“नाही ना?” टॅमसिन म्हणाली.

“नाही,” ग्लेनिस म्हणाली. हसायचं ठरलं होतं ते जमलं नाही. केस सोडून द्यायचे, उठायचं. पण एकदा ओळ धरली की अर्ध्यावर सोडायची नाही, ही हाताची खोड. हात चालतच राहिले, मधल्या खळग्यातून पुढे, उजवीकडे, एक ओळ, दुसरी ओळ. आणि तिथे तो होता. चाळीस वर्षांनी विटलेला, गुलाबीसर, अंगठ्याच्या नखाएवढा, आणि त्याची शेपटी कानाकडे वर गेलेली. ग्लेनिसनं बोट टेकवलं.

“आहे?”

“आहे. पण उजवीकडे आहे. मी डावीकडे काढलाय.”

टॅमसिननं न वळता हात मागे केला. ग्लेनिसनं टॉवेल उलगडून डोकं त्या हातात दिलं. टॅमसिननं ते मांडीवर पालथं घातलं आणि बराच वेळ त्या मानेकडे बघितलं. मग स्वतःची मान चाचपली, उजवीकडे, जिथे बोट लागलं होतं तिथे. “म्हणजे चुकलं,” ती म्हणाली. “पुष्कळांना असतो म्हणालीस ना तू. तसाच.” आणि थोड्या वेळानं, अगदी ऊनाच्याच आवाजात, तितक्याच मायेनं, “जाऊ दे आई. आजारीच होतीस तू.”

हे ऐकून ग्लेनिसला राग आला. चाळीस वर्षांत पहिल्यांदा, आणि असा की कानशिलं ठणकली. ती आयुष्यभर बाकीच्या बाबतींत गप्प बसली असेल, पण चुकीच्या बाबतीत तिला कुणी जाऊ दे म्हणायचं नाही. चूक ही काय आभाळातून पडते? तिला कारण असतं, कारण सापडलं की चूक उलगडते. तिनं डोकं परत घेतलं आणि लेकीच्या मानेशेजारी धरलं. आकार तोच. शेपटी तीच, कानापासूनचं अंतरही तेच, दोन बोटं. सगळं तंतोतंत, नुसतं उलटं. असलं उलटं तिनं पन्नासदा दुरुस्त केलं होतं! बायका सेल्फीच्या कॅमेऱ्यानं काढलेले फोटो पाठवतात, ते उजवे-डावे फिरलेले असतात, आणि गालावरचा तीळ ह्या गालाचा त्या गालावर जातो. मग ती विचारते, अगं फोटो कसा काढलास, आरशातून का? आणि हे मनात आलं तेव्हा तिला पाण्याचा आवाज ऐकू आला. न्हाणीघरातला नळ. पांढऱ्या टाइल्स, सकाळचा उजेड, खांद्यावर एक ऊबदार ओझं, गळ्याशी ओला श्वास. डेसचा दाढीचा आरसा, गोल, त्याच्या उंचीला टांगलेला, म्हणून तिला टाचा उचलाव्या लागायच्या.

“आरशात बघितला मी तो,” ती म्हणाली.

“काय?”

“नळ चालू ठेवला की तू गप्प व्हायचीस. खांद्यावर घेऊन उभी राहायची मी, न्हाणीघरात. मला तुझ्या तोंडाकडे बघायची भीती वाटायची गं टॅम. वाटायचं, मी बघितलं तर तुला काहीतरी होईल. काय होईल ते नाही सांगता येत. म्हणून तुझं तोंड मागे करून धरायची आणि आरशात बघायची. तुझी मान दिसायची. हा दिसायचा. आरशात तो इकडे दिसायचा.” तिनं लेकीच्या मानेच्या डाव्या अंगाला बोट टेकवलं. खांद्यावर घेऊन आरशात पाहिल्याशिवाय तो डाग त्या बाजूला दिसूच शकत नव्हता. पाळण्यात वाकून पाहणाऱ्याला तो उजवीकडेच दिसला असता.

कुठल्या तरी बागेत फवारणीचं यंत्र सुरू झालं आणि बंद पडलं.

“आजीला माहीत नव्हतं हे?”

“आजी तेव्हा आली नव्हती. डेस कामावर गेला की घरात आपण दोघीच.”

“मग हे पुसणार आता तू?” तिनं ट्रुडीच्या मुलाकडे मान वळवली.

“उद्या. त्याला काय करायचाय तुझा डाग?”

टॅमसिनच्या खांद्यांतून एक छोटंसं हसू गेलं आणि मध्येच थांबलं. तिनं गुडघ्याभोवती हात गुंफले.

“एकदा बघितलंस?”

“रोज.”

“किती वेळ उभी राहायचीस?”

“तू झोपेपर्यंत,” ग्लेनिस म्हणाली.

टॅमसिननं हळूहळू भार मागे टाकला, आधी पाठ, मग खांदे, आणि शेवटी डोकं आईच्या मांडीवर टेकलं. जड होतं, मोठ्या बाईचं डोकं. ग्लेनिसच्या दुखऱ्या गुडघ्यातून कळ गेली, ती जरासुद्धा हलली नाही. केस विस्कटलेले, अर्धे पिनांत अडकलेले. टॅमसिननं डोळे मिटून घेतले होते आणि ग्लेनिसला तिचं तोंड उलटं दिसत होतं, कपाळ खाली, हनुवटी वर, चाळिशीच्या सुरकुत्या आणि नाकाच्या शेंड्यावर उन्हानं सोललेली कातडी. ती बघत राहिली.